कॅश की मेडिक्लेम? हैदराबाद आणि मंत्रालय, दोघांना मिळून एकच पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
आणि
सार्वजनिक आरोग्य विभाग, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

दोघांना एकच पत्र का, तर वेगवेगळी लिहिली की काय होतं ते माहितीय मला. हैदराबादवाले म्हणणार हॉस्पिटलचे रेट आमच्या हातात नाहीत, आणि मंत्रालयवाले म्हणणार विमा हा केंद्राचा विषय. दोघंही खरंच बोलतात, संविधानातच तसं आहे, विमा केंद्राच्या यादीत आणि दवाखाने, हॉस्पिटलं राज्याच्या यादीत. पण माझी आई ॲडमिट झाली तेव्हा एकाच बेडवर होती हो, अर्धी केंद्राच्या आणि अर्धी राज्याच्या बेडवर असं काही नव्हतं.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. त्यामुळे कुठलंही बिल हातात आलं की मी आधी बेरीज तपासते, किराणावाल्याचं असलं तरी. तर ही सगळी बेरीज आता तुमच्यापुढे मांडते.

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. आई ६८ वर्षांची, रात्री एकच्या सुमारास पोटात कळ यायला लागली, उलट्या, घामाने सगळी भिजलेली. पित्ताशयात खडे आहेत हे आधी एकदा सोनोग्राफीत कळलं होतं पण त्रास नव्हता म्हणून राहून गेलं. रिक्षात घालून घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलात नेलं, नाव घेत नाही कारण दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "कॅश की मेडिक्लेम?" आईचं नाव नंतर विचारलं. मी जोरात म्हटलं मेडिक्लेम, जरा अभिमानानेच, इतकी वर्षं हप्ता भरतोय ना. मग ती म्हणाली शेअरिंग फुल आहे, सिंगल रूम आहे, पाच हजार पर डे. रात्री दोन वाजता आई कण्हत असताना कोण म्हणणार थांबा, मी आधी पॉलिसी वाचते?

महात्मा फुले योजनेचंही विचारलं होतं मी, कारण १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, एवढं ऐकून होते. ती म्हणाली आम्ही त्या योजनेत नाही. केंद्राचं ७० वर्षांवरच्यांसाठी वय वंदना कार्ड निघालंय, पण आईला सत्तर व्हायला दोन वर्षं बाकी, त्यामुळे तोही विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, उत्तम झालं, डॉक्टरांबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या राउंडला ते म्हणाले आज घरी जा. आईची सलाईनची सुई काढली, तिने साडी नेसली, केस विंचरले, पिशवी भरून बेडच्या कडेला बसली. आणि बसूनच राहिली. फाइल बिलिंगला गेली, बिल दीडला तयार झालं, मग टीपीए, म्हणजे हॉस्पिटल आणि विमा कंपनीच्या मधे क्लेमचं काम बघणारी एजन्सी, तिच्या डेस्कवरचा मुलगा म्हणाला पाठवलंय. तीनला म्हणाला क्वेरी आलीय, पहिल्यांदा खडे दिसले त्याचे कागद पाहिजेत. मी घरी जाऊन कपाट उपसून तो सोनोग्राफीचा रिपोर्ट आणला, येताना कॅडबरीच्या सिग्नलला अर्धा तास गेला. पाचला विचारलं तर म्हणे कंपनीकडून पेंडिंग, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे हॉस्पिटलकडून पूर्ण डॉक्युमेंट आलेलीच नाहीत. दरम्यान मावशी दोनदा चादर बदलायला येऊन गेल्या, दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक दारातून डोकावून गेले, आईला उगाच आपण कोणाची तरी जागा अडवल्यासारखं वाटायला लागलं. अप्रूव्हल आलं संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी. आणि दुपारी बाराच्या पुढे थांबलो म्हणून त्या दिवसाचं रूम रेंट पूर्ण लागलं.

आता हैदराबादकरांनो, तुमचं २९ मे २०२४ चं परिपत्रक मी वाचलंय. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत, उशीर झाला तर हॉस्पिटलने लावलेला जास्तीचा खर्च कंपनीने भरायचा, तोही शेअरहोल्डरच्या पैशातून. नियम झकास आहे. फक्त हे तीन तास कोणाच्या घड्याळात मोजायचे? नियमात ते हॉस्पिटलची रिक्वेस्ट कंपनीला मिळाल्यापासून सुरू होतात, आणि मिळाली कधी हे सांगणारी दोनच माणसं, दोघं एकमेकांकडे बोट दाखवणारी. ज्याची पिशवी भरून तयार आहे त्याला यातलं काही दिसत नाही. साधा बँकेचा मेसेज बघा, माझ्या खात्यातून वीस रुपये गेले तरी तारीख-वेळेसकट मोबाइलवर येतो. तसं रिक्वेस्ट गेली, मिळाली, क्वेरी काढली, उत्तर आलं, प्रत्येक वेळी पेशंटच्या घरच्यांना मेसेज गेला पाहिजे, म्हणजे मग तो नियम माझ्या कामाचा. आत्ता तो फक्त वाचायला चांगला आहे.

पण उशीर ही छोटी गोष्ट. खरी मजा बिलात आहे.

एकूण बिल १,६२,०००. त्यात रूम चार दिवसांचे २०,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, व्हिजिट असं मिळून ८५,०००. औषधं आणि तपासण्या ४८,०००. आणि ज्याला ते नॉन-मेडिकल म्हणतात ते ९,०००. आईची पॉलिसी तीन लाखांची, जुनी आहे, त्यात रूम रेंटची लिमिट एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. मला वाटलं ठीक आहे, रोजचे दोन हजार जास्त झाले, चार दिवसांचे आठ हजार आपले आपण भरू. तसं नसतं म्हणे. पाचातले तीन हजारच मान्य, म्हणजे ६० टक्के, तर सर्जनची फीसुद्धा ६० टक्केच, ऑपरेशन थिएटरही ६० टक्केच, नर्सिंगही. ८५,००० चे ५१,००० झाले. रूमचा फरक ८,०००, वरचा हा ३४,०००, आणि नॉन-मेडिकल पूर्ण ९,०००. टोटल ५१,००० मी खिशातून भरले, त्यासाठी आरडी मोडली.

हे औषधं आणि तपासण्यांना लागत नाही, २०२० पासून तुम्हीच तसा नियम केलाय, तेवढं बरं केलंत नाहीतर आणखी गेले असते. पण बाकीच्याला का लागतं? मी कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला मॅडम, हॉस्पिटलवाले रूम बदलली की ऑपरेशनचा रेटही बदलतात, सिंगल रूमच्या पेशंटला तेच ऑपरेशन जास्त लावतात, मग आम्ही ती वाढ का द्यायची. आणि इथे मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस चुकीचं बोलत नाहीये. सर्जन तोच, टेबल तेच, दुर्बीण तीच, आई बेशुद्ध, तिला रूम शेअरिंग होती की सिंगल याच्याशी त्या पित्ताशयाला काय करायचंय? तरी रेट वेगळा. तो रेट वेगळा ठेवायला हॉस्पिटलला कोणी अडवत नाही, म्हणून कंपनी कापते, आणि कंपनीला कापायला कोणी अडवत नाही म्हणून पेशंट भरतो. मंत्रालयाने मोकळं सोडलेलं दार आहे, हैदराबादने त्याला दुसऱ्या बाजूने कडी घातलीय आणि मध्ये आम्ही.

नॉन-मेडिकलबद्दल एकच बोलते. क्लेममध्ये न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ नावांची यादी आहे, त्यात ग्लोव्हज आहेत, मास्क आहे, ईसीजीचे इलेक्ट्रोड आहेत. ग्लोव्हजशिवाय ऑपरेशन आणि इलेक्ट्रोडशिवाय ईसीजी करणारं हॉस्पिटल असेल तर पत्ता कळवा, पुढच्या वेळी तिथेच जाऊ.

आता पुढचं ऐका. आमच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं हेच ऑपरेशन, याच हॉस्पिटलात, चार महिने आधी झालं होतं. त्यांच्याकडे मेडिक्लेम नाही. त्यांना पॅकेज दिलं ८५,००० चं, औषधांसकट, आणि काकांनी थोडी घासाघीस करायचा प्रयत्नही केला होता म्हणे. माझी बेरीज अशी, खिशातून ५१,००० आणि त्या वर्षाचा आईचा हप्ता ४२,४८०, झाले ९३,४८०. म्हणजे मेडिक्लेम असलेल्या बाईने मेडिक्लेम नसलेल्या माणसापेक्षा जास्त भरले. हप्ता वर्षभराचा असतो, उद्या बायपास निघाली तर तीच पॉलिसी उपयोगी पडणार, हे कळतं मला, म्हणून तर भरते. पण एकाच टेबलावरच्या एकाच ऑपरेशनला कॅशचा एक रेट, मेडिक्लेमचा दुसरा, सरकारी योजनेचा तिसरा, हे काय आहे? जांभळी नाक्यावर भाजीवाली भाव सांगताना असं विचारते का, ताई पैसे तुमचे की मिस्टरांचे?

यावर शिकलेली मंडळी सांगतात की विमा असला की लोक उगाच ॲडमिट होतात, बिल बघत नाहीत, म्हणून खर्च वाढतो. केनेथ ॲरो म्हणून अमेरिकन अर्थतज्ज्ञ होता, पुढे नोबेल मिळालं त्याला, त्याने १९६३ मध्येच लिहून ठेवलं होतं की वैद्यकीय उपचार हा बाकीच्या बाजारासारखा बाजार नाही, कारण काय हवंय ते घेणाऱ्याला कळत नाही, ते विकणाराच ठरवतो. त्यामुळे पेशंटने बिल बघून शहाणं व्हावं ही अपेक्षाच गंमतशीर आहे. आईच्या बिलावर पाच हजारांच्या खोलीपासून सर्जनच्या फीपर्यंत एकही गोष्ट आम्ही निवडलेली नव्हती.

दुसरा मुद्दा वयाचा. कंपन्यांना भीती असते की आजारी आणि म्हातारेच विमा घेणार, म्हणून वय वाढलं की हप्ता चढतो. जानेवारी २०२५ मध्ये तुम्ही सांगितलंत की साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी तुमच्याशी बोलायचं. आभार. पण कंपन्यांनी तो दहा टक्क्यांचा आकडा छत म्हणून नाही, परवानगी म्हणून घेतलाय. आईचा मूळ हप्ता होता ३६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८०. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी काढला तेव्हा घरात मी चहाबरोबर शिरा केला होता, खरंच. डिसेंबरला रिन्युअलची नोटीस आली, मूळ हप्ता ३९,६००, बरोब्बर दहा टक्के वाढ. वाचले किती, २,८८०. दरवर्षी दहा टक्के म्हणजे सात वर्षांत जवळपास दुप्पट, आणि आईची पेन्शन काही तशी वाढत नाही.

आणि गोळा केलेल्या हप्त्याचं होतं काय? फक्त हेल्थ इन्शुरन्स विकणाऱ्या कंपन्यांना कमिशन, जाहिरात, ऑफिस असा सगळा खर्च हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत करायची मुभा तुमच्याच नियमात आहे. २०२३-२४ मध्ये या कंपन्यांनी १०० रुपये हप्त्यामागे क्लेमवर साधारण ६५ च्या आसपास खर्च केले. सरकारी कंपन्यांचा आकडा १०० च्या वर होता, म्हणजे त्या घाट्यात, तेही बरोबर नाही. पण ३५ रुपये मधेच संपणार असतील तर ते आम्हाला पॉलिसी विकताना सांगायला नको का? अमेरिकेचं हेल्थकेअर काही आदर्श नाही, पण तिथेसुद्धा ओबामांच्या कायद्यात असं कलम आहे की वैयक्तिक पॉलिसीत हप्त्याचे किमान ८० टक्के उपचारांवर गेलेच पाहिजेत, कमी पडले तर उरलेले ग्राहकाला परत. आपल्याकडे असं किमान ठेवायला काय हरकत आहे, ८० नाही तर ७५ ने सुरुवात करा. २०२३-२४ मध्येच आपल्याकडच्या कंपन्यांकडे एकूण १.१७ लाख कोटींचे हेल्थ क्लेम होते, त्यातले दिले ८३ हजार कोटींच्या वर. पॉलिसीच्या अटींत बसत नाही म्हणून कापलेली रक्कम १५,१०० कोटी. त्यात कुठेतरी असलेच कोणाकोणाचे ५१,००० असणार.

विमा लोकपालाकडे जा म्हणाल. जाईन, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते घेतात, वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, चांगली सोय आहे. पण ते बघणार अटींप्रमाणे बरोबर आहे का, आणि अटींप्रमाणे कंपनी बरोबरच आहे. माझी तक्रार तीच तर आहे.

आता मंत्रालयाकडे वळते, कारण तुम्ही आतापर्यंत हैदराबादवर ढकलून निवांत वाचत असाल.

माझे बाबा वागळे इस्टेटमध्येच एका कारखान्यात होते. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, हॉस्पिटलात झालं होतं, मी शाळेत होते. भिंतींना ओल होती, जेवण बेचव होतं, आई घरून मुगाची खिचडी न्यायची. पण बाहेर पडताना बाबांच्या हातात बिल नव्हतं. ती योजना कशी चालते तर पगाराच्या टक्क्यांवर, आज कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन. वय विचारत नाहीत, बीपी आहे का, शुगर आहे का विचारत नाहीत. तरुण आणि म्हातारे, धडधाकट आणि आजारी सगळे एका भांड्यात, म्हणून भांडं टिकतं. पुढे बाबांचा पगार लिमिटच्या वर गेला आणि ते बाहेर पडले. आज ती लिमिट २१,००० आहे, २०१७ पासून हललेली नाही. आमच्याच ऑफिसात एका मुलाचा पगार बावीस हजार झाला तेव्हा त्याचं पेढे देऊन अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी तो मला विचारत होता की आता बायकोच्या बाळंतपणाचं काय. हा विषय दिल्लीचा आहे, तुमच्या दोघांचाही नाही, पण एकाच भांड्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाही एवढंच सांगायचंय.

तुमच्या हातातलं म्हणाल तर रेट. आणि जमत नाही असं म्हणू नका, कारण तुम्ही केलेलं आहे. मे २०२० मध्ये कोविडमध्ये याच राज्याने खासगी हॉस्पिटलांचे ८० टक्के बेड ताब्यात घेऊन दर ठरवले होते, वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसकट ९,०००. पळवाटा काढल्याच लोकांनी, पीपीई किटच्या नावाखाली काय काय लावलं ते सगळ्यांना आठवतंय, पण निदान भांडायला हातात कागद होता. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या रक्तवाहिनीत घालतात त्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषध सोडणारा स्टेंट एकदम तीस हजारांच्या आत आला. हॉस्पिटलं काही बंद पडली नाहीत.

आणि २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत तुम्ही दुरुस्ती केलीत, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. मी आईच्या डिस्चार्जची वाट बघत त्या नऊ तासांत पूर्ण तळमजला हिंडले. सनद होती, लिफ्टच्या शेजारी, तिच्यापुढे मोठी कुंडी. दरपत्रक मागितलं तर म्हणाले केसप्रमाणे असतं. हे तपासायचं काम शहरात महापालिकेचं आहे. ठाणे काय, नवी मुंबई काय, त्यांची माणसं नोंदणीच्या वेळी बेड मोजून जात असतील, भिंत बघतात का मला शंका आहे.

हॉस्पिटलवाल्यांची बाजू नाही असं नाही. आमचे फॅमिली डॉक्टर आधी छोटं नर्सिंग होम चालवायचे, ते म्हणतात कॅशलेसचे पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, मध्येच कापून येतात, ठाण्यातली जागा, स्टाफ, वीज हे उधारीवर मिळत नाही. म्हणून मेडिक्लेमचा रेट फुगवतात. मान्य. पण मग फुगवलेला भाग आणि कापलेला भाग दोन्ही मी का भरायचे, माझा उधारीशी काय संबंध? आणि सरकारी हॉस्पिटल भक्कम असतं तर रात्री एकला मी घोडबंदरला गेले असते का? सिव्हिल पाडून ९०० बेडचं बांधायचं काम चाललंय, ते होईल तेव्हा होईल. कळव्याच्या हॉस्पिटलवर किती भार आहे ते ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात १८ पेशंट गेले तेव्हा सगळ्या देशाला कळलं. २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू, २०२१-२२ ला तो १.८४ होता. त्या मधल्या फरकाचं बिल काउंटरवर आमच्याकडून घेतात, एवढंच.

तर मागणं एवढंच आहे. मंत्रालयाने असं करावं की एका हॉस्पिटलात एका ऑपरेशनचा एकच रेट, पैसे कोणीही देवो आणि खोली कुठलीही असो, खोलीचं भाडं वेगळं दाखवा. तो रेट पालिकेच्या वेबसाइटवर टाका म्हणजे कुंडीमागे लपणार नाही. आणि ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी हैदराबादने ती साठ टक्क्यांच्या हिशोबाची कापाकापी रद्द करावी, फक्त खोलीचा फरक कापावा, कारण मग कंपनीकडे कारणच उरत नाही. एकाने केलं आणि दुसऱ्याने नाही तर उपयोग शून्य, म्हणून म्हटलं एकच पत्र. भेटून बोला एकदा, हैदराबाद-मुंबई विमान दीड तासाचं आहे, आईच्या डिस्चार्जपेक्षा बरंच कमी.

रिन्युअल मी भरलंय, ३९,६००. सोबत बिलाची झेरॉक्स जोडतेय, अकरा पानं आहेत. नववं पान बघा, तिथे "मिसलेनियस १,१५०" असं लिहिलंय. बिलिंगला तीनदा विचारलं, टीपीएला एकदा, कंपनीला मेल केला, कोणालाच सांगता आलं नाही ते कशाचे. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर कळवा.

आपली,
वर्तकनगर, ठाणे इथली एक पॉलिसीधारक